हिच्या हातचं तुम्ही खाल का?

विहिरीतून बादलीबरोबर काळा रेंदा यायला लागला, की गावाला लोणीवालीच्या घराची आठवण व्हायची. एरवी त्या घराची वाट कुणाला सापडायची ती लोणी हवं असेल तेव्हाच. पण उन्हाळा डोक्यावर आला, पाण्याबरोबर घशात वाळू जायला लागली, की कारभाऱ्यांचा माणूस दारात उभा. "गाळ काढायचाय. उद्या उतरा."

उतरायचा लोणीवालीचा नवरा. अबोल माणूस. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी, पण अंगाने दणकट. त्या वर्षी मात्र वैरणीचा भारा उचलताना त्याच्या कमरेत लचक भरली आणि तो खाटेला खिळला. कूस बदलायची म्हटली तरी कण्हत होता.

"नाही जमणार म्हणून सांगून टाक," सासू म्हणाली.

"आणि प्यायचं काय? मी उतरते. भोंग्या रहाटावर राहील."

"बाईमाणूस कधी विहिरीत उतरतं का?"

"बाईमाणूस पाणी पितं ना? मग उतरेलही."

भोंग्या म्हणजे तिचा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो दुधाचे दात पडणारं पोर होता. सासू तेव्हा सारखी आजारी, त्यामुळे त्याला आंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं नव्या नवरीच्या गळ्यात पडलं. जेवताना हट्ट करायचा, वहिनीच्याच हातचा घास हवा. आवाज असा, की गल्लीच्या या टोकाला शिंकला तर त्या टोकाची कोंबडी उडायची. म्हणून भोंग्या. मोठा झाला तसं त्याचं घरच्या कामात मन रमेना. शहरात जाऊन येतो म्हणायचा आणि तोंड दाखवायचा नाही. गाळ काढायच्या दिवशीही तो पहाटेच पसार झाला होता. लोणीवालीने शेजाऱ्यांना हाताशी धरलं, कमरेला दोर बांधला आणि उतरली.

गाळ मांड्यांपर्यंत होता. वास असा, की ती तोंडाने श्वास घ्यायला लागली. ती घमेल्याने उपसायची, बादलीत ओतायची, दोर हलवायची. बादली वर जाताना निम्मा गाळ तिच्याच डोक्यावर ठिबकायचा. गावाने वर्षभरात विहिरीत जे जे टाकलं, पाडलं, लपवलं, ते सगळं तिच्या हाताला लागत होतं. फुटकी भांडी, कुजलेली फडकी, कसल्याशा जनावराची हाडं.

"कुणाची चप्पल हरवलीय का रे?" तिने खालून ओरडून विचारलं. वर हशा पिकला.

"एकच सापडली का दोन्ही?"

"दुसरीसाठी तू उतर!"

दिवस कलता कलता तळाशी झरा मोकळा झाला. गार पाणी तिच्या पावलांना लागलं तेव्हा तिला बरं वाटलं. ती वर आली ती ओळखू येत नव्हती. केस, कान, पापण्या, सगळीकडे काळा थर. काठावर भोंग्या उभा होता आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या बुटांचा एक माणूस.

"वहिनी, हे साबणाच्या कंपनीचे एजंट. मला नोकरी देतायत! बाजारात उभं राहून ओरडायची नोकरी. आजवर ओरडतो म्हणून मार खाल्ला, आता पगार मिळणार!"

एजंटने नाकाला रुमाल लावला होता, पण डोळे तिच्यावरच. त्याने तीन पायांच्या घोडीवर एक पेटी बसवली आणि काळ्या कापडात डोकं घातलं. लोणीवाली तोंड पुसायला गेली तसा तो कापडातून बाहेर आला.

"पुसू नका बाई, पुसू नका! कामाचा फोटो आहे. कष्ट दिसले पाहिजेत."

"अशा अवतारात?"

"राहा ना वहिनी. साहेब सांगतायत ना," भोंग्या म्हणाला.

"आणि जरा हसा."

ती हसली. विहिरीला पाणी आलं होतं, पोराला नोकरी लागत होती. काळ्या तोंडात तिचा पुढचा अर्धा तुटका दात उठून दिसला. फोटो झाल्यावर एजंटने तिला साबणाची एक गुलाबी वडी दिली. दिली म्हणजे काय, तिच्या हाताला हात लागू नये अशा बेताने वरून तळहातावर टाकली. ते तिच्या लक्षात आलं, पण त्या दिवशी तिला कशाचंच वाईट वाटून घ्यायचं नव्हतं.

घरी सासूने वडी हुंगली, खाटेवरच्या मुलाला हुंगायला दिली आणि ठेवणीतल्या कपड्यांत ठेवून दिली.

लोण्याच्या बाबतीत लोणीवाली भलतीच कडक होती. रवी, मडकी, झाकणं रोज राखेने घासायची आणि उकळत्या पाण्यातून काढायची. नखं मुळापर्यंत कापलेली. घुसळायला बसण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायची आणि नंतर कुणी हाक मारली तरी उठायची नाही. नवऱ्याने एकदा गोठ्यातून येऊन ताकाच्या मडक्यात बोट घातलं होतं, तर अख्खं मडकं तिने त्याच्यासमोर म्हशीला पाजलं. पेठेतला खानावळवाला वर्षानुवर्षं तिच्याकडचंच लोणी घ्यायचा. तिचं लोणी असेल त्या दिवशी गिऱ्हाईक एक घास जास्त खातं, असं तो स्वतः सांगायचा.

पावसाळा सरला आणि एक दिवस त्याने तिला मागच्या दाराशीच थांबवलं.

"आज नको."

"का? कालचं उरलंय?"

"नाही... नको आज." तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या हातांकडे बघत होता.

पुढच्या घरी मालकिणीने मडकं घ्यायच्या आधी विचारलं, "हात दाखव बघू." लोणीवालीला वाटलं थट्टा आहे. तिने दोन्ही तळहात पुढे केले आणि म्हणाली, "काय बघताय, नशीब का?" मालकीण हसली नाही. हात उलटेसुलटे करून बघितले, तेही बोटाच्या टोकाने, आणि मडकं परत केलं. शेवटच्या घरी तर दारच उघडलं नाही. आत लोक बोलत होते, तिने कडी वाजवल्यावर बोलायचे थांबले.

लोणी उन्हात वितळून मडक्याच्या कडेने ओघळलं. ती ते तसंच घेऊन घरी आली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. त्याची कंबर आता सुधारली होती, काठी टेकत गोठ्यापर्यंत जायचा.

"मला काय माहीत? मला काय माहीत काय झालंय ते!" ती एवढ्यांदा ओरडली, की म्हशीने कान टवकारले.

उत्तर मिळालं बाजाराच्या दिवशी. सरळ गिऱ्हाइकांनाच विकावं म्हणून ती लोण्याचं मडकं घेऊन बाजारात निघाली होती. वळणावर असतानाच तिला दिराचा आवाज ऐकू आला. पत्र्याच्या कर्ण्यातून येत होता, पण तो आवाज तिने लहानाचा मोठा केला होता.

"घाणेरडे हात, घरोघरी आजार! बघा, बघा, नीट बघा! हिच्या हातचं तुम्ही खाल का?"

आणि बाजार एका सुरात ओरडला, "नाही!"

गर्दीतून वाट काढत ती पुढे गेली. कंपनीची रंगवलेली गाडी उभी होती, साबणाची खोकी रचलेली, आणि गाडीच्या अंगावर पुरुषभर उंचीचं छापील चित्र. चित्राचे दोन भाग. उजवीकडे गोरीपान बाई, कडेवर बाळ, हातात गुलाबी वडी. डावीकडे ती स्वतः. गाळाने माखलेली, केसांच्या जटा झालेल्या, दात काढून हसणारी. विहीर नव्हती, दोर नव्हता, घमेलं नव्हतं. फक्त ती आणि तिची घाण. छापताना तिच्या हातात एक कटोरा काढला होता. लेकराला भरवायचा असतो तसा कटोरा.

तिने मान वर केली. वर गाडीवर भोंग्या नव्या कोऱ्या कोटात उभा होता. त्याने कर्णा तोंडाला लावला, पुढचं वाक्य सुरू केलं आणि तिला पाहिलं. आवाज अर्ध्यात तुटला.

"बोल ना," ती खालून म्हणाली. "का थांबलास?"

"वहिनी, इथे नको. घरी बोलू."

"घरी? इथे साऱ्या दुनियेसमोर मांडलंस आणि माझ्याशी घरी बोलणार?"

एजंट गाडीमागून आला. त्याने तिला ओळखलंच नाही. धुतलेलं तोंड त्याने पाहिलंच कुठे होतं? भोंग्याने कानात सांगितल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या.

"अहो बाई, ते चित्र आहे. त्यात काय तुमचं नाव लिहिलंय? कुणीही असू शकतं."

"माझा दात आहे तो! माझं तोंड आहे!"

"एक खोकं साबण घेऊन जा घरी. आमच्याकडून भेट."

मागून कुणीतरी म्हणालं, "घे ग, तुला गरज आहे," आणि हशा उसळला. लोणीवालीने वळून पाहिलं. हसणाऱ्यांत तिच्याच गावचे दोघं होते. रहाटावर उभे राहिलेले.

संध्याकाळी भोंग्या घरी आला. बूट काढायच्या आत तिने गाठलं.

"तुला कधी कळलं ते चित्र माझं आहे?"

"छापून आलं तेव्हा."

"आणि तरी ओरडलास."

"वहिनी, तू त्यात ओळखू पण येत नाहीस. एवढा चिखल..."

"तू ओळखलंस ना? खानावळवाल्याने ओळखलं. पेठेतल्या बायकांनी ओळखलं. बाजारातल्या कुत्र्याने ओळखलं असेल!"

"साहेबांना कसं सांगू? पहिली नोकरी आहे माझी. आमच्या वहिनीचा फोटो काढून टाका म्हटलं तर मलाच काढून टाकतील."

"हिच्या हातचं खाल का म्हणतोस. तू कुणाच्या हातचं खाल्लंस रे? सांग की कर्ण्यातून!"

भोंग्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. सासू भिंतीला टेकून बसली होती. "त्यालाही कुठे कळलं होतं असं होईल ते," ती पुटपुटली. लोणीवालीने नवऱ्याकडे पाहिलं. तो दोर वळत होता. वळता वळता म्हणाला, "पोराला कधी नव्हे ती नोकरी लागलीय. जाऊ दे."

दिराने केलं ते तिला एकवेळ पचलं असतं. हे 'जाऊ दे' पचलं नाही. तिच्याच चुलीजवळ बसून, तिच्याच लोण्यावर ज्याचं घर चाललं, तो म्हणतो जाऊ दे. गेलं तर तिचं जाणार होतं, त्याचं काय जात होतं?

पुढच्या बाजाराला ती पुन्हा गेली. या वेळी सकाळीच न्हाली, ठेवणीतले कपडे काढले, केस विंचरून घट्ट बांधले. कपड्यांच्या घडीतून साबणाची वडी निघाली ती तिने उकिरड्यावर फेकली. ताज्या लोण्याचं मडकं पांढऱ्याशुभ्र फडक्याने झाकून कडेवर घेतलं. मनात पक्कं होतं. त्या चित्राखाली उभं राहायचं आणि म्हणायचं, ही मी. बघा माझे हात. बघा माझं लोणी. चव घ्या आणि मग बोला. लोक काही आंधळे नव्हते.

"मीही येतो," नवरा म्हणाला. ती पुढे निघाली. तो मागून चालत राहिला.

गाडीभोवती गर्दी जमली होती. ती सरळ जाऊन चित्राखाली उभी राहिली, आपल्याच काळ्या तोंडाखाली. मडकं जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

"ऐका! चित्रातली बाई मी आहे!"

गर्दी गप्प झाली. लोक एकदा चित्राकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागले. तोच तुटका दात. कुणीतरी म्हणालं, "अरे, खरंच की!" तिचा ऊर भरून आला. तिने पुढचं बोलायला तोंड उघडलं.

एजंट तिच्या आधी बोलला. टुणकन गाडीवरून उडी मारून तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि टोपी हवेत उडवत ओरडला, "बघा लोकहो! डोळ्यांनी बघा! हीच ती बाई! आमचा साबण लावायच्या आधी अशी, आणि आता बघा कशी!"

"नाही!" लोणीवाली म्हणाली. "मी नाही लावला साबण. तो विहिरीचा गाळ..."

"ओरड!" एजंटने भोंग्याला खूण केली.

भोंग्याने कर्णा उचलला. क्षणभर त्याने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले आणि छाती फुगवून ओरडला, "एका वडीत अशी उजळली! घ्या, घ्या, कंपनीचा साबण घ्या!"

"खोटं आहे! मी आधीपासून अशीच आहे! अरे, मी..." तिचा घसा फाटला, पण पत्र्याच्या कर्ण्यापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. लोक टाळ्या वाजवत होते. बायका पुढे सरकून तिचे हात हातात घेऊन बघत होत्या, गालाला बोट लावून बघत होत्या. "किती मऊ!" "किती दिवस लावलात हो?" तिने हात ओढून घेतले तर म्हणाल्या, लाजते बिचारी. रेटारेटीत कुणाचा तरी पाय मडक्याला लागला. मडकं फुटलं, लोणी धुळीत पसरलं, आणि त्यावरून लोक साबण घ्यायला धावले. गाडीतली खोकी बघता बघता रिकामी झाली.

गर्दी ओसरल्यावर एजंट कपाळाचा घाम पुसत आला. खुशीत होता.

"बाई, तुम्ही सोनं आहात. असं करा, आमच्याबरोबर बाजारोबाजार चला. चित्राखाली उभं राहायचं, बस्स. रोजच्या रोज मजुरी देतो."

ती उत्तर देणारच होती. काय देणार होती ते जिभेवर आलं होतं, आणि ते ऐकून त्याचे पांढरे बूट चार पावलं मागे गेले असते. पण तिच्या खांद्यामागून नवऱ्याचा आवाज आला.

"किती देणार?"

लोणीवाली हळूच मागे वळली. नवऱ्याच्या तोंडावर पाप नव्हतं, लबाडी नव्हती. बैलाचा भाव विचारावा तसं साधं तोंड. तिने खाली वाकून पायाशी पडलेला ढेकूळभर लोण्याचा गोळा उचलला, धूळ, काड्या, लोकांच्या चपलांचे ठसे, सगळ्यासकट, आणि नवऱ्याच्या छातीवर थापला. दुसरा उचलला तो एजंटच्या कोटावर. तिसरा भोंग्याच्या कर्ण्यात.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या हातचं आहे."

आणि चालायला लागली. मागे नवरा हाका मारत होता. तिने वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने ओसरीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि वेगळी चूल पेटवली. स्वतःपुरतं आणि सासूपुरतं रांधलं. नवरा हातपाय धुऊन सवयीने ताटासाठी बसला. बसला तो बसलाच.

"माझं ताट?"

"माझ्या हातचं नको खाऊ तू. खायचं नसतं ते. तुझ्या भावाला विचार."

"असं काय करतेस?"

"आतली चूल मोकळी आहे."

त्याला आधी वाटलं राग आहे, उतरेल. राग उतरला नाही. तो स्वतः चूल फुंकायला लागला. अर्धं कच्चं, अर्धं करपलेलं, तसंच गिळायचा. भोंग्या कपड्यांचं बोचकं न्यायला एकदाच आला. वहिनीसमोर उभा राहिला, काहीतरी म्हणायला गेला. ज्याचा आवाज तीन गल्ल्या ओलांडायचा, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ती मडकी घासत राहिली. तो गेला, आणि पेठेपासून पुढे जागोजागच्या भिंतींवर तेच छापील चित्र चिकटवत गाडीबरोबर लांबलांबचे बाजार करू लागला.

लोणी ती आता लांबच्या नाक्यावर नेऊन गाडीवानांना विकायची. भल्या पहाटे निघावं लागे, पाय सुजून येत. गाडीवान चित्र बघत नसत, चव बघत. खानावळवाला एकदा दारापर्यंत आला. गिऱ्हाइकं कुरकुरतात, पहिल्यासारखं देत जा म्हणाला.

"हात बघायचेत का आधी?" तिने विचारलं.

"आता सगळ्यांना माहीत आहे ना, तू साबण वापरतेस ते."

तिने त्याच्या तोंडावर दार लावलं. जोरात लावलं.

"अग, किती दिवस चालवणार हे?" सासू एकदा म्हणाली. "माझा पोरगा वाळत चाललाय. चुकलं त्याचं."

"मग त्याने तोंड उघडून म्हणू दे, चुकलं म्हणून."

"त्याला बोलता येत नाही ग."

"'किती' म्हणता आलं की त्याला, आई."

सासू उठून आत गेली. तिने ते मुलाला सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी नवरा वैरणीला गेला तो संध्याकाळ झाली तरी आला नाही. आला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट खळीने बरबटलेले होते, बोटांची सालं निघालेली, खळीत कागदाचे रंगीत तुकडे चिकटलेले. कमरेत अजून पुरता ताठ होत नव्हता. तो अंगणातच उभा राहिला.

"पेठेतल्या भिंतीवरचं तुझं चित्र काढलं," तो म्हणाला. "खरवडून. दिवसाढवळ्या."

"कुणी काही म्हणालं?"

"म्हणाले. काय करतोस विचारलं." तो थांबला. शब्द शोधत होता, गाळात हात घालून शोधावं तसा. "सांगितलं, ती माझी बायको आहे. आमच्या विहिरीतला गाळ होता तो. आणि माझं चुकलं."

लोणीवालीने त्याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. मग उठून तिने चुलीवरचं कढत पाणी आणलं, त्यात गार मिसळलं आणि त्याच्या हातांवर ओतलं. तो चोळत राहिला, ती ओतत राहिली. खळ सुटायला वेळ लागला.

हात स्वच्छ झाल्यावर तो ओसरीवर येऊन बसला. ताटासाठी नव्हे, नुसताच. ती आपल्या चुलीपाशी गेली आणि तिकडूनच तिने विचारलं, "भोंग्याने आणखी कुठे कुठे लावलीत?"

"सगळीकडे. प्रत्येक बाजारात. पार नदीपलीकडे."

"मग?"

त्याने नखात अडकलेला कागदाचा तुकडा टोकरून काढला. तिने चुलीत लाकूड सारलं.

सकाळी ती नाक्यावर जायला निघाली तेव्हा तो अंगणात दगडावर खुरपं घासत होता. खाटेखालचे जुने जोडे बाहेर काढून ठेवलेले होते, लांब चालायचं असलं की घालायचा ते. ती त्याच्या शेजारून गेली. फाटकाशी थांबली, डोक्यावरचं मडकं सावरलं, आणि म्हणाली, "नदीकडे निघालास तर उतार खालच्या अंगाने आहे. वरच्या बाजूला बुडशील."